ससाणा बसतो, माको थांबत नाही

लहानपणी आमच्याकडे प्राण्यांच्या पत्त्यांचा एक जोड होता. प्रत्येक पानावर एक प्राणी आणि त्याच्याखाली वजन, लांबी, आयुष्य, वेग असे चार आकडे. आपला आकडा समोरच्यापेक्षा मोठा निघाला की दोन्ही पानं आपली. बहिरी ससाण्याचं पान हाती आलं की डोकं चालवायची गरजच नसे. ‘वेग’ म्हणायचं आणि समोरच्याच्या पानासाठी हात पुढे करायचा. धाकटा भाऊ मात्र माको शार्कच्या पानावर जीव टाकून होता. वजन किंवा लांबी म्हणाला असता तर त्याने मला सहज लोळवलं असतं. पण त्याला माको वेगावरच जिंकायला हवा असायचा. त्यामुळे तो दर वेळी ‘वेग’ म्हणायचा आणि दर वेळी हरायचा. “पण हा पाण्यात पळतो ना!” तो रडकुंडीला येऊन म्हणायचा. “आकडा बघ,” मी म्हणायचे.

त्याचा मुद्दा बरोबर होता, हे कळायला मला फार वर्षं लागली. जिंकलेली पानं परत करायची सोय आता उरलेली नाही, म्हणून हा लेख.

आधी नावांचं उरकते. ‘बहिरी’ म्हणजे ऐकू न येणारा, असंच मी कित्येक वर्षं धरून चालले होते. एवढ्या वेगाने खाली येताना कानात वारा भरून बहिरेपण येत असणार, अशी माझी खासगी व्युत्पत्तीही तयार होती. प्रत्यक्षात हा शब्द शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या भाषेतून, फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आला. बहर म्हणजे समुद्र, बहरी म्हणजे समुद्राकडचा. किनाऱ्याच्या कड्यांवर राहून पाणपक्षी मारणाऱ्या पक्ष्याला हे नाव शोभतंच. म्हणजे ज्या समुद्री माशाशी मी त्याची तुलना करायला बसले आहे, त्याचा समुद्र ससाण्याच्या नावात आधीपासूनच होता. शास्त्रीय नावातल्या ‘पेरेग्रिनस’चा अर्थ भटक्या. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर तो सापडतो, तेव्हा तेही खरंच. ‘माको’ हा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा शब्द. मराठीत शार्कला मुशी आणि मोरी अशी दोन चांगली नावं आहेत, पण ती सरसकट कुठल्याही शार्कला लावली जातात. म्हणून इथे माकोच म्हणते.

दोघांचं नातं नाही, हे सांगायला नकोच. पण नात्याचा एक किस्सा राहवत नाही म्हणून सांगते. ससाणा घारी-गरुडांच्या भाऊबंदांतला, असं सगळेच मानत होते. चोच वाकडी, नखं तीक्ष्ण, धंदा तोच. शंका घ्यायचं कारणच नव्हतं. २००८ साली पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कळलं की ससाण्याचे जवळचे नातेवाईक पोपट आणि गाणारे छोटे पक्षी आहेत. गरुडाशी साम्य आहे ते पेशामुळे आलेलं. माकोचं शरीरही असंच. टोकदार नाक, मधे फुगीर, शेपटीशी निमुळतं, आणि शेपटी चंद्रकोरीसारखी. नेमकी हीच घडण ट्यूना माशाची असते, आणि ट्यूना हे माकोचं आवडतं भक्ष्य. पाठलाग करणारा आणि पळणारा, दोघांनाही पाण्याने एकाच साच्यात घातलं.

आता वेगाकडे येते. ससाणा पंख मारत सरळ उडतो तेव्हा ताशी ६० ते ९० किलोमीटरच्या आसपास असतो. चांगला वेग आहे, पण पत्त्यांत तेवढ्यावर भागलं नसतं. पत्त्यावरचा तीनशेच्या पुढचा आकडा त्याच्या सूर मारण्याचा. केन फ्रँकलिन नावाचा अमेरिकी वैमानिक आपला पाळलेला ससाणा विमानातून वर न्यायचा, स्वतः बाहेर उडी घ्यायचा आणि पक्षी त्याच्यामागून झेपावायचा. त्या पक्षिणीचा नोंदवलेला वेग ताशी ३८९ किलोमीटर आहे. यात पंख मारणं जवळजवळ नसतंच. पंख अंगाशी घेऊन, शरीराचा थेंब करून ती पृथ्वीला आपलं काम करू देते.

म्हणून मी भावाला एकदा फोनवर सांगून टाकलं होतं की ससाण्याचा वेग उसना असतो, गुरुत्वाकर्षणाकडून घेतलेला. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, यात ससाण्यावर अन्याय होतोय. वर चढायला कोणी फुकट उचलून नेत नाही. ती उंची त्याने पंख मारून, तापलेल्या हवेच्या भोवऱ्यांत गिरक्या घेऊन कमावलेली असते. ती ठेव तो काही सेकंदांत मोडतो, एवढंच. सगळी एका दमात, एका कबुतरासाठी.

माकोकडे मोडायला ठेवच नाही. पाण्यात त्याला जवळजवळ वजन नसतं. शार्कला पोहण्याची हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं प्रचंड यकृत त्याला तरंगायला मदत करतं. त्यामुळे खाली पडून वेग मिळवणं त्याच्या नशिबात नाही, आणि बहुतेक वेळा तो खालून वर हल्ला चढवतो. वेगाचा कण न् कण स्नायूंतून काढायचा. तोही पाण्यात. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे.

इथे मी एक कागदी हिशेब केला. कशातूनही धावताना लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते आणि माध्यमाच्या घनतेने सरळ वाढते. तेव्हा बाकी सगळं सारखं धरलं, तर आठशे पट दाट पाण्यात जी ताकद विशिष्ट वेग देते, तीच ताकद हवेत साधारण नऊ पट वेग देईल. माको हा सगळ्यांत वेगवान शार्क मानला जातो. त्याच्या वेगाचे ५० पासून ७० पर्यंतचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. आपण कंजूषपणा करून ४०च धरू. चाळीस गुणिले नऊ, म्हणजे तीनशे साठ. कोणी अभियंता हा हिशेब वाचून कपाळावर हात मारेल, कारण बाकी सगळं कधीच सारखं नसतं. पण भावाच्या “पाण्यात पळतो ना” या वाक्याचं गणित हेच होतं. आठव्या वर्षी त्याला घन माहीत नव्हता, बस.

ही ताकद येते कुठून, हा माको प्रकरणातला मला सगळ्यांत आवडणारा भाग.

मासा थंड असतो, कारण त्याला श्वास घ्यावा लागतो. वाक्य विचित्र वाटेल, पण तसंच आहे. रक्त प्रत्येक फेरीत कल्ल्यांतून जातं. कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामधे अगदी तलम पडदा असतो, नाहीतर ऑक्सिजन आत येणार कसा? आणि जिथून ऑक्सिजन आत येतो तिथूनच उष्णता बाहेर निसटते. स्नायूंनी मेहनत करून रक्त तापवावं आणि पुढच्याच फेरीत समुद्राने ते थंड करून परत पाठवावं. समुद्र तापवत बसण्याचाच हा उद्योग.

माकोने यावर तोड काढली आहे. कल्ल्यांकडून येणारं थंड रक्त घेऊन स्नायूंकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि तापलेलं रक्त परत नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या एकमेकींना खेटून, उलट दिशांनी धावतात. परतणारं रक्त जाता जाता आपली ऊब येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. कल्ल्यांपर्यंत पोचतं तेव्हा त्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. या जाळ्याला शरीरशास्त्रात ‘रेटे मिराबिले’ म्हणतात, लॅटिनमधे ‘अद्भुत जाळं’. शास्त्रज्ञांनी एरवी नावं ठेवताना इतकं मोकळेपण क्वचितच दाखवलेलं असतं. फ्रान्सिस केरी आणि जॉन टील यांनी १९६९ साली माकोचे स्नायू भोवतीच्या पाण्यापेक्षा कितीतरी अंश उबदार असतात हे दाखवलं. स्नायूच नव्हे, पोट, मेंदू आणि डोळेही. ऊब असली की स्नायू झटपट आकसतात, अन्न लवकर पचतं, डोळा हलणारी वस्तू चांगली पकडतो. थंड पाण्यात, बहुतेक थंड माशांमधे हा एक उबदार प्राणी हिंडतो.

ससाण्याला असली कसरत लागत नाही. तो पक्षी आहे. चाळीस अंशांच्या आसपासचं शरीर हा त्याचा वारसा. पण श्वासाच्या बाबतीत मात्र दोघांनी, एकमेकांची गाठभेट नसताना, माणसाला जमली नाही अशी गोष्ट जमवली आहे. आपण भात्यासारखे. एकाच दाराने हवा आत, त्याच दाराने बाहेर. ताजी आणि शिळी हवा वाटेत एकमेकींत मिसळते. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, आणि त्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात. शार्कचं पाणी तोंडातून आत येतं आणि कल्ल्यांच्या फटींतून बाहेर जातं. परतीची वाट नाही. जिना चढून धापा टाकताना मला हे हटकून आठवतं आणि स्वतःच्या शरीराचा थोडा राग येतो.

कातडीपाशी आणखी एक योगायोग भेटतो. जर्मनीतल्या संशोधकांनी ससाण्यांना एका ६० मीटर उंच धरणाच्या भिंतीसमोर सूर मारायला शिकवलं. भिंत मागे असल्यामुळे वेग आणि वाट मोजता आली. मग त्यांनी ससाण्याची हुबेहूब प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. हवेचा प्रवाह अंगापासून सुटून जिथे भोवरे करतो त्या जागा सापडल्या. आणि खऱ्या पक्ष्याच्या छायाचित्रांत नेमक्या त्याच जागांवरची छोटी पिसं उभी राहिलेली दिसली. २०१४ सालचा हा अभ्यास. आता माको. त्याच्या अंगावर माशाचे नेहमीचे खवले नाहीत. दातांच्या घडणीचे, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे कण आहेत. कल्ल्यांच्या मागच्या बाजूला हे कण सैल बसलेले असतात आणि पाणी उलटं फिरायला लागलं की ते आपोआप उभे राहतात, अगदी पन्नास अंशांपर्यंत. उलटा प्रवाह तिथेच अडतो. अलाबामा विद्यापीठात एमी लँग यांनी यावर बरंच काम केलं आहे. दोघांत मेंदूला यात काही करावं लागत असेल असं वाटत नाही. अंगावर काटा यावा तसं ते होतं.

रंगसुद्धा एकच म्हणावा इतका सारखा: पाठ निळसर, पोट फिकं. ससाण्याची पाठ पाटीच्या दगडासारखी, माकोची धातूसारखी चकाकती निळी. फरक वापरण्यात आहे. ससाणा वरून येतो, म्हणून मरणाऱ्याला दिसलंच तर उजळ आकाशावर फिकं पोट दिसतं. माको खालून येतो, म्हणून खाली गडद पाण्यावर गडद पाठ दिसते, म्हणजे दिसतच नाही. एकच अंगरखा एकाने अस्तराच्या बाजूने वापरावा आणि दुसऱ्याने सुलटा, तसं. दोघांतही मादी नरापेक्षा मोठी असते, हेही जाता जाता.

ससाण्याची वाट मात्र वेगळीच. त्याच्या डोळ्यात सर्वांत तीक्ष्ण दिसणारी जागा नाकासमोर नसून बाजूला, साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रोखलेली असते. दूरचं भक्ष्य नीट बघायचं तर मान वळवायला हवी, पण त्या वेगात वळवलेली मान म्हणजे ब्रेकच. व्हान्स टकर यांनी २००० साली दाखवलं की ससाणा मान सरळ ठेवतो आणि वाटच वाकडी करतो; वळत वळत, भक्ष्याला एका डोळ्याच्या कोपऱ्यात धरून तो खाली येतो. सरळ रेषेपेक्षा ही वाट लांबची, तरी लवकर पोचवणारी. पुढे २०१७ मधे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पक्ष्यांवर छोटे कॅमेरे बसवून पाहिलं, तर शेवटच्या टप्प्यात तो क्षेपणास्त्रांच्याच नियमाने वळत होता. भक्ष्याकडे जाणारी नजरेची रेषा जितकी फिरेल त्या प्रमाणात आपण वळायचं. क्षेपणास्त्रवाल्यांना हा नियम सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

एवढी सगळी जुळवाजुळव करून झाल्यावर मी एकदा खराखुरा ससाणा पाहिला, आणि माझी तुलना तिथे अडली.

एका उंच इमारतीच्या कठड्यावर तो बसला होता. मी दुर्बीण लावली आणि झेपेची वाट बघत राहिले. एक तास गेला. त्याने एक पाय पोटात घेतला. डोकं फिरवून पाठीची पिसं साफ केली. खालून कबुतरं गेली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पिसांत चोच. दुसऱ्या तासाला माझी मान आखडली आणि चिडचिड झाली. जगातला सर्वांत वेगवान प्राणी बघायला आले होते आणि तो दुपारच्या वामकुक्षीतल्या आजोबांसारखा डुलत होता. अखेरीस मीच निघाले. घरी जाताना लक्षात आलं की ससाणा बहुतेक वेळ हेच करतो. बसतो. सूर हा त्याच्या दिवसातला काही सेकंदांचा मामला.

माकोला बसता येत नाही. कल्ल्यांवरून पाणी ढकलायला त्याच्याकडे दुसरा पंप नाही. पुढे पोहत राहिलं तरच तोंडातून पाणी आत येतं. थांबला की गुदमरला. जन्मापासून मरेपर्यंत एकही मुक्काम नाही, तळावर टेकणं नाही. जिवंत माको मी पाहिलेला नाही, फक्त पडद्यावर पाहिला आहे. त्यातही मला त्याच्या झडपेपेक्षा झडपा संपल्यानंतरचं पोहणं जास्त बघावंसं वाटतं: तोंड किंचित उघडं, वाकडे लांब दात बाहेर आलेले, आणि शेपटीचं एका लयीत चाललेलं काम. कधी कधी तो पाण्याबाहेर कितीतरी मीटर उंच उसळतो. तेवढे एक-दोन क्षण तो हवेत असतो, ससाण्याच्या मुलखात, आणि तेवढ्याच क्षणांत पृथ्वी त्यालाही खाली खेचून थोडा वेग फुकट देते.

बसणाऱ्या प्राण्याचा एक फायदा असा की तो माणसाला दिसतो. तो मरायला लागला की तेही दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने निरोप्या कबुतरांच्या रक्षणासाठी १९४० मधे ससाणे मारायचा हुकूमच काढला होता. युद्ध संपलं, संरक्षण परत मिळालं, ससाणे पुन्हा वाढू लागले. १९६०च्या सुमारास शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की ससाणे फार झालेत, बंदोबस्त करा. म्हणून मोजणी करायचं ठरलं आणि ते काम डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे आलं. मोजायला गेले तर पक्षी वाढायच्या जागी झपाट्याने नाहीसे झालेले. कड्यांवरच्या कपारी रिकाम्या, आणि जिथे जोड्या होत्या तिथे अंडी फुटलेली. रॅटक्लिफ यांनी मग संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या पेट्यांत जपून ठेवलेली जुनी अंडी काढून त्यांच्या कवचांचं वजन केलं. १९४७च्या आसपासपासून कवच पातळ झालेलं निघालं. १९६७ मधे त्यांनी ते ‘नेचर’मधे छापलं. डीडीटी हे कीटकनाशक किड्यांतून चिमण्यांत, चिमण्यांतून ससाण्यात साठत गेलं होतं, आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनाने अंडी चिरडत होती. अंडी चोरणं हा गुन्हाच, पण त्या चोरांच्या पेट्या नसत्या तर हा पुरावाही नसता. या गोष्टीचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

अमेरिकेने १९७२ मधे डीडीटी बंद केलं. टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात पिल्लं वाढवून कड्यांवर आणि इमारतींवर सोडली. १९९९ मधे ससाण्याचं नाव तिथल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून निघालं. पाव शतकाच्या आतबाहेर. हे जमलं, कारण ससाणा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंडी घालायला लागतो, तीन-चार अंडी घालतो आणि महिनाभरात ती उबवतो. लोकांनी विष काढून घेतलं, उरलेलं त्याने उरकलं.

पत्त्यांवर चारच रकाने होते. पाचवा असता, ‘आई व्हायचं वय’ असा, तर भावाने मला धुऊन काढलं असतं. माकोच्या मादीला वयात यायला अठरा ते एकवीस वर्षं लागतात. पिल्लं पोटात पंधरा ते अठरा महिने वाढतात आणि तिथे न फळलेली अंडी खाऊन जगतात. मग आईला विश्रांती. दोन बाळंतपणांत साधारण तीन वर्षं जातात. समुद्रातल्या सगळ्यात चपळ शिकाऱ्यांपैकी एक, आणि घर वाढवण्यात इतका सावकाश. मैलोगणती लांब दोरांना लावलेल्या गळांवर ट्यूना आणि तलवार मासे पकडतात, त्यांत माको सापडतो. सापडतात ते बहुतेक वयात न आलेले. २०१९ मधे उत्तर अटलांटिकबद्दल शास्त्रज्ञांनी जे सांगितलं ते मी दोनदा वाचलं: एकही माको यापुढे मारला नाही, तरी तिथली संख्या २०३५ पर्यंत घटतच राहील. आज आई व्हायला हव्या होत्या त्या माद्या कधीच्या गळाला लागून गेल्या आहेत, आणि मधली रिकामी वर्षं आता सरकत सरकत पुढे यायची आहेत. त्याच वर्षी जिनिव्हाला माकोच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०२१ मधे अटलांटिकच्या ट्यूना आयोगाने उत्तर अटलांटिकमधले माको बोटीवर ठेवायला बंदी घातली, २०२२ पासून.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग पान माझं.” आणि मग आम्ही दोघांनी उगाच हिशेब मांडला. २०२२ मधे कुठल्याशा कड्यावर एक ससाण्याची मादी अंड्यातून बाहेर आली असेल. २०२४ ला ती आई. २०४० पर्यंत तिच्या आठ-नऊ पिढ्या होतील. त्याच वर्षी समुद्रात जन्मलेली माको मादी २०४० ला जेमतेम वयात येईल, आणि गळ चुकवत राहिली तर २०४२ च्या आसपास पहिल्यांदा विणेल. पिल्लं जन्मतः पाऊण मीटरच्या जवळ असतात, दात असतात, आई त्यांच्यासाठी थांबत नाही. थांबू शकतच नाही. तीही लगेच पोहायला लागतात.